दोन्ही गोष्टी खऱ्या असतील तर?



गेल्या महिन्यात आपण गृहीतकांचे प्रश्न पाहिले. त्यानंतर आलेल्या निरोपांमध्ये एक मागणी पुन्हा पुन्हा दिसली: "ताई, ते पॅराडॉक्सवाले प्रश्न घ्या. दोन ऑप्शनपर्यंत बरोबर येतो आणि शेवटी चुकीच्याला टिक करतो." तर आज विरोधाभास. परीक्षा देणाऱ्यांसाठी लिहिते आहे, पण घरातल्या मोठ्यांनीही वाचावं, कारण लेखाचा बराच भाग आमच्या मामांबद्दल आहे. (परवानगी घेतली आहे. "नाव घालू नकोस, बाकी काय ते लिही," म्हणाले.)

जीमॅट आणि एलसॅट या परीक्षांत हा प्रकार हमखास असतो. आपल्याकडच्या एमबीएच्या प्रवेश परीक्षांतही अधूनमधून डोकावतो. जीमॅटच्या सध्याच्या स्वरूपात व्हर्बल विभागात ४५ मिनिटांत २३ प्रश्न सोडवायचे असतात. म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटंसुद्धा पुरती मिळत नाहीत, आणि त्यातच मोठे उतारेही वाचायचे. त्यामुळे सावकाश विचार करून सुचेल, असं म्हणायला तिथे जागा नाही. विचार करायची सवय आधीच लागलेली हवी.

प्रश्नाचा साचा साधा असतो. चार-पाच ओळींत दोन गोष्टी सांगितलेल्या असतात. दोन्ही खऱ्या, पण एका घरात नांदणार नाहीत असं वाटणाऱ्या. मध्ये 'तरीही', 'मात्र', 'आश्चर्य म्हणजे' असा एखादा शब्द बसलेला असतो. आणि खाली विचारतात: पुढीलपैकी कोणतं विधान खरं मानलं, तर या विसंगतीचा सर्वांत चांगला उलगडा होतो?

नमुना म्हणून मी रविवारच्या आमच्या अभ्यासगटासाठी तयार केलेला प्रश्न घेऊ.

एका ग्रंथालयात पुस्तक उशिरा परत केलं तर रोज दोन रुपये दंड होता. पुस्तकं वेळेवर परत यावीत, हा त्यामागचा हेतू. गेल्या वर्षी ग्रंथालयाने दंड रद्द केला आणि जुनी थकबाकीही माफ केली. तरीही पुढच्या तीन महिन्यांत, मुदत उलटून गेलेली जितकी पुस्तकं परत आली, ती आधीच्या तीन महिन्यांपेक्षा कितीतरी जास्त होती. असं का झालं असावं?

(अ) दंडाची रक्कम ग्रंथालयाच्या एकूण उत्पन्नाचा अगदी लहान भाग होती.
(आ) मुदत फार पूर्वी उलटलेल्या बऱ्याच सभासदांचा दंड पुस्तकाच्या किमतीहूनही जास्त झाला होता आणि तो भरावा लागेल म्हणून ते ग्रंथालयात फिरकतच नव्हते.
(इ) काही सभासद दंड असो वा नसो, पुस्तकं नेहमी वेळेवरच परत करतात.
(ई) दंड गेल्यावर काही सभासद पुस्तकं आधीपेक्षा जास्त दिवस घरी ठेवू लागले.
(उ) शहरातल्या दुसऱ्या एका ग्रंथालयात दंड तसाच आहे आणि तिथे परत येणाऱ्या पुस्तकांच्या संख्येत काही फरक पडलेला नाही.

(आ) बरोबर आहे हे बहुतेकांना दिसलं असेल. पण गटातल्या अकरा जणांपैकी चौघांनी (उ) निवडला होता, आणि तेच बोलण्यासारखं आहे. (उ) मोहात पाडतो, कारण तो काहीतरी सिद्ध करतो आहे असं वाटतं. दुसरीकडे दंड आहे, तिथे फरक नाही. म्हणजे हा बदल दंड रद्द केल्यामुळेच झाला. छान! पण आपला प्रश्न 'दंड रद्द केल्यामुळे झालं का?' असा नव्हताच. 'दंड गेल्यावर पुस्तकं कमी यायला हवीत, ती जास्त कशी आली?' असा होता. (उ) वाचून कोडं सुटत नाही, उलट जास्त पक्कं होतं. (ई) तर सरळ उलट्या दिशेला ओढतो. (अ) दंड रद्द करणं ग्रंथालयाला का परवडलं ते सांगतो, म्हणजे गोष्टीची एकच बाजू. (इ) ज्या लोकांबद्दल बोलतो, त्यांची पुस्तकं मुदत उलटलेल्यांत मोजलीच जात नाहीत.

ही गोष्ट अगदीच काल्पनिक नाही. शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २०१९ मध्ये उशिराचा दंड रद्द केला, तेव्हा परत येणाऱ्या पुस्तकांची रीघ लागली होती.

आता गटातल्या मुलांना मी जे सांगते ते. ऑप्शन वाचण्याआधी विसंगती एका 'असूनही'च्या वाक्यात मनाशी म्हणा. 'परत करण्याची सक्ती गेलेली असूनही पुस्तकं जास्त आली.' हे वाक्य नीट बनलं नाही, तर पुढचं सगळं अंदाजपंचे. मग प्रत्येक ऑप्शन खरा धरून चालायचं. 'हे कशावरून?' असं विचारायचं नाही. प्रश्नातच 'खरं मानलं तर' असं म्हटलेलं असतं. शोधायचं एवढंच, की या नव्या माहितीनंतर 'असूनही'च्या जागी 'म्हणून' म्हणता येतं का. 'सक्ती गेली म्हणून पुस्तकं जास्त आली.' (आ) वाचल्यावर म्हणता येतं. (उ) वाचल्यावर नाही. दिलेल्या दोन गोष्टींपैकी एकीला खोटं पाडणारा ऑप्शन दिसला की तो सोडून द्यायचा. दोन्ही जिवंत ठेवून समेट घडवायचा असतो.

माझ्या व्यवसायातली एक गोष्ट मला या बाबतीत फार आवडते. क्रिस झकारायस नावाचा इंजिनिअर यूट्यूबमध्ये होता. २०१२ मध्ये त्याने ती लिहून ठेवली. व्हिडिओचं पान तेव्हा साधारण १.२ मेगाबाइटचं होतं. त्याने काटछाट करत करत ते शंभर किलोबाइटच्या आत आणलं. 'फेदर', म्हणजे पीस, असं त्या प्रकल्पाचं नाव. थोड्या प्रेक्षकांसाठी ते सुरू केलं, आकडे आले आणि पान उघडायला लागणारा सरासरी वेळ चक्क वाढलेला! पान दहापटीहून हलकं असूनही हळू. आमच्या ऑफिसात असं झालं असतं तर अर्ध्या तासात तो बदल मागे घेतला असता आणि आकडे गोळा करणाऱ्या टीमला शिव्या बसल्या असत्या.

त्याने आकडे देशवार उलगडले. आग्नेय आशिया, दक्षिण अमेरिका, आफ्रिका, सायबेरिया अशा भागांतून अचानक प्रेक्षक वाढले होते. तिथलं इंटरनेट इतकं संथ, की जुनं पान उघडायला वीस मिनिटांच्या वर लागली असती, म्हणून कोणी थांबतच नव्हतं. आता दोन मिनिटांत उघडत होतं. दोन मिनिटं म्हणजे आपल्याला युग, पण त्यांना पहिल्यांदाच व्हिडिओ दिसत होता. ही सगळी मंडळी हिशेबात आली आणि सरासरी वाढली. आधीचा कोणताही प्रेक्षक हळू झाला नव्हता. मोजणीत कोण कोण आहे, ते बदललं होतं.

परीक्षेतल्या पॅराडॉक्सपैकी मोठा वाटा या एकाच किल्लीने उघडतो, असा माझा अनुभव आहे. सरासरी किंवा टक्केवारी दिसली की विचारायचं: आधीचा गट आणि नंतरचा गट एकच आहे का?

याचं आणखी साधं उदाहरण शाळेतलं. अ तुकडीत तीन मुलं: ९०, ८० आणि ७० गुण. सरासरी ८०. ब तुकडीत ६०, ५० आणि ४०, सरासरी ५०. आता ७० गुणांच्या मुलाला अ मधून ब मध्ये बसवा. अ ची सरासरी झाली ८५, ब ची झाली ५५. दोन्ही तुकड्या 'सुधारल्या', आणि एकाही मुलाचा एकही गुण वाढलेला नाही. कागदावर करून पाहा, मुलांना मजा वाटते. पण हाच प्रकार डॉक्टर अल्व्हान फाइनस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाबाबत दाखवला. नव्या तपासणी यंत्रांमुळे पूर्वी न दिसणारा लहानसा प्रसार दिसू लागला. त्यामुळे काही रुग्ण 'सुरुवातीच्या टप्प्या'तून 'पुढच्या टप्प्या'त मोजले जाऊ लागले. सुरुवातीच्या गटातून त्यातल्या त्यात वाईट रुग्ण गेले, पुढच्या गटात त्यातल्या त्यात बरे रुग्ण आले. दोन्ही टप्प्यांचे आकडे सुधारलेले दिसले, पण त्या सुधारणेचा हा भाग उपचारांमुळे आलेला नव्हता.

दुसरं प्रसिद्ध उदाहरण बर्कलीचं. १९७३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत पदव्युत्तर प्रवेशासाठी ८४४२ पुरुषांनी अर्ज केले, त्यांतल्या सुमारे ४४ टक्क्यांना प्रवेश मिळाला. स्त्रियांचे अर्ज ४३२१, प्रवेश सुमारे ३५ टक्के. सरळ पक्षपात दिसतो. पण विभागवार पाहिलं तर स्त्रियांविरुद्ध तसा सर्वसाधारण कल सापडेना. सहा मोठ्या विभागांपैकी सर्वांत सोप्या प्रवेशाच्या विभागात ८२५ पुरुषांपैकी ६२ टक्क्यांना प्रवेश, आणि १०८ स्त्रियांपैकी ८२ टक्क्यांना! उलगडा त्या १०८ मध्येच आहे. जिथे प्रवेश सहज मिळतो तिथे स्त्रियांचे अर्ज थोडे, आणि जिथे दहातल्या एखाद-दोघांनाच घेतात अशा विभागांत भरपूर. बिकेल, हॅमेल आणि ओ'कॉनेल यांनी हे १९७५ मध्ये 'सायन्स'मध्ये मांडलं. मुली त्या ठरावीक विषयांकडेच का वळतात, शाळेपासून त्यांना कुठे वळवलं जातं, हा प्रश्न त्याने मिटत नाही, तो मागे सरकतो. मी बी.ई.ला होते तेव्हा मेकॅनिकलच्या वर्गात तीन मुली होत्या, त्यामुळे हे वाचताना मला 'चला, अन्याय नव्हता' असं म्हणून पान उलटता आलं नाही.

आता मामा.

मामा रेल्वेतून निवृत्त झाले. काचीगुड्याला राहतात, वय ६८. साठीपर्यंत डॉक्टरचं तोंड पाहिलं नाही, हे ते अभिमानाने सांगतात आणि ते खरं आहे. निवृत्तीनंतर मुलांनी आग्रहाने वार्षिक तपासणी सुरू केली. पहिल्या वर्षी बीपी निघालं. दुसऱ्या वर्षी साखर काठावर. मग थायरॉइड, मग कोलेस्टेरॉल, मग ड जीवनसत्त्व. मामांची एक वही आहे, तिच्यात दुधाच्या हिशेबापासून सगळं असतं. त्या वहीतून त्यांनी निष्कर्ष काढला: तपासणी नव्हती तेव्हा साठ वर्षांत शून्य आजार, तपासणी सुरू झाल्यावर आठ वर्षांत पाच. संक्रांतीच्या सुमारास त्यांनी तपासण्याही बंद केल्या आणि गोळ्याही. मामींनी मला मे महिन्यात फोन केला. "तुझं ऐकतात गं ते. मी काही बोलले की म्हणतात, तुला काय कळतंय."

मी गेले. मामांनी वही उघडून दाखवली आणि म्हणाले, "तू लॉजिक शिकवतेस ना पोरांना? मग सांग. तपासणीने माणूस निरोगी राहायला हवा. मी आजारी होत गेलो. लॅबवाले आणि डॉक्टर मिळून आजार तयार करतात, दुसरं काही नाही."

आणि पंचाईत अशी, की परीक्षेच्या नियमाने मामांचा ऑप्शन बरोबर आहे. लॅब खोटे आजार दाखवतात असं खरं मानलं, तर विसंगतीचा उलगडा होतो. 'असूनही'चं 'म्हणून' होतं. पूर्ण गुण. दुसरा ऑप्शनही तितकाच बसतो: आजार आधीही होते, मोजले नव्हते. परीक्षेत असे दोन बरोबर ऑप्शन कधी देत नाहीत. घरात मात्र देतात. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या बऱ्याच गोष्टी अशाच तयार होतात. त्या विसंगती छान सोडवतात, म्हणून पटतात. एखादं स्पष्टीकरण बसतंय याचा अर्थ ते खरं आहे असा होत नाही, आणि परीक्षेतलं 'खरं मानलं तर' घरी आणताना ते 'तर' गळून पडतं.

म्हणून मी मामांशी वाद घातला नाही. विचारलं, "मामा, तुमचं म्हणणं खरं असेल तर लॅबच्या बाहेर मोजल्यावर काय दिसेल?"

"नॉर्मल दिसेल."

"आणि माझं खरं असेल तर?"

"तर वाढलेलं दिसेल. पण यंत्रही त्यांचंच असणार."

यंत्र मामींचं होतं, दंडाला पट्टा बांधायचं साधं डिजिटल. मामांनी आधी यंत्राचीच परीक्षा घेतली. मामींचं मोजलं, माझं मोजलं, खाली जाऊन वॉचमनचं मोजलं. आम्हा तिघांचं वरचं माप १२५ च्या आत. मग सात दिवस, सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं शांत बसून त्यांनी स्वतःचं मोजलं आणि वहीत लिहिलं. चौदा नोंदींपैकी बारा वेळा वरचं माप १५० च्या पुढे. गोळी तर चार महिन्यांपूर्वीच बंद होती, त्यामुळे गोळीवर ढकलायचीही सोय नव्हती. आठव्या दिवशी त्यांनी स्वतः फोन केला. बीपीबद्दल काही बोलले नाहीत. म्हणाले, "आमचे वडील ५८ व्या वर्षी गेले. झोपेत. सगळे म्हणायचे, कसलाही आजार नव्हता माणसाला. कोणी मोजलंच नव्हतं गं."

नंतर ते डॉक्टरांकडे गेले. बीपीची गोळी पुन्हा सुरू झाली. थायरॉइडची तपासणी नव्याने केली, ती औषधाशिवाय ठीक आली, म्हणून ते औषध सध्या बंद ठेवून काही महिन्यांनी पुन्हा पाहायचं ठरलं. त्यावर मामांचा चेहरा पाहायला हवा होता. "बघ, थोडं माझंही खरं होतं!" आणि मला ते नाकारता आलं नाही. (कोणी हे वाचून स्वतःच्या मनाने औषध थांबवू नका. मामांचं डॉक्टरांनी थांबवलं आहे.)

मामांच्या वहीतलं कोडं देशाच्या पातळीवरही आहे. आपल्या राज्यांत केरळमधले लोक सर्वांत जास्त जगणाऱ्यांपैकी. पण घरोघरी जाऊन 'अलीकडे आजारी होता का?' असं विचारणाऱ्या पाहण्यांत सर्वांत जास्त आजारपण सांगतात तेही केरळमधलेच, आणि ज्या बिहारमध्ये आयुर्मान कितीतरी कमी, तिथे आजारपणाची नोंद अगदी थोडी. अमर्त्य सेन यांनी २००२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये यावर लिहिलं, आणि अमेरिकेत तर लोक केरळहूनही जास्त आजार सांगतात हे दाखवलं. जिथे शिक्षण आहे, जवळ दवाखाना आहे, तिथे माणूस दुखण्याला आजार म्हणतो आणि त्याचा इलाज करतो. जिथे ते नाही, तिथे गुडघेदुखीला 'वय झालं' म्हणतो आणि तापाला 'होईल बरा'. शिवाय जास्त जगणाऱ्या समाजात म्हातारी माणसं जास्त, त्यामुळे दुखणीही जास्त. दोन्ही कारणं एकाच वेळी खरी असू शकतात.

मामांना हे वाचून दाखवलं. ते म्हणाले, "म्हणजे मी बिहारमधून केरळात आलो म्हण की."

आता गृहपाठ. या वेळी ऑप्शन देत नाही, उलगडा तुम्हीच लिहायचा. एका मार्गावर दोनच बस धावतात. कंपनी म्हणते, आमच्या बसमध्ये सरासरी ३० प्रवासी असतात. उतरणाऱ्या प्रत्येक प्रवाशाला विचारलं, 'तुमच्या बसमध्ये किती जण होते?' आणि सगळ्यांच्या उत्तरांची सरासरी काढली, तर ती आली ४३ च्या वर. सगळे प्रवासी बरोबर मोजतात, कंपनीही खोटं बोलत नाही. कोणत्या बसमध्ये किती प्रवासी होते? उत्तरं नेहमीच्या पत्त्यावर, महिनाअखेरपर्यंत. मामांनी त्यांचं उत्तर वहीत आधीच लिहून ठेवलं आहे आणि ते बरोबर आहे, तेव्हा स्पर्धा अवघड आहे.